खारीचं पिल्लू पीत नाही, कारण ते गार पडलेलं असतं

पावसाळ्यापूर्वीची झाडछाटणी, नारळाच्या झावळ्या उतरवणं आणि एसीची सर्व्हिसिंग ही कामं एकाच सुमारास निघतात. खारीची घरटी नेमकी याच जागी असतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत काथ्या, कापूस आणि चिंध्यांचा गोळा खाली येतो आणि त्यातून अंगठ्याच्या पेराएवढं, डोळे मिटलेलं, बिनकेसांचं पिल्लू हाती लागतं. घरातलं कुणीतरी दूध कोमट करून आणतं, ड्रॉपर तोंडाला लावतं. पिल्लू तोंड फिरवतं किंवा नुसतंच पडून राहतं. मग ठरलेला सल्ला मिळतो, ‘तोंड उघडून थेंब थेंब सोडत राहा, पोटात गेल्याशिवाय जगायचं कसं?’ अशी पिल्लं भुकेपेक्षा या सल्ल्यानेच जास्त दगावतात.

पिल्लाची ‘भूक गेलेली’ नसते. त्याचं अंग गार पडलेलं असतं, आणि गार अंगाला पिता येत नाही. मुंबईत मे महिन्यात ३२ अंश असताना पिल्लू गार कसं पडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण ३२ अंश आपल्याला गरम लागतात, त्याला नाही.

याचं कारण भूमितीत आहे. उष्णता शरीराच्या आकारमानात तयार होते आणि पृष्ठभागातून निघून जाते. शरीर लहान होत जातं तसा आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग वाढतो. आठ ग्रॅमचं पिल्लू आणि साठ किलोचा माणूस यांचं ढोबळ गणित केलं, तर दर ग्रॅममागे पिल्लाला जवळजवळ वीसपट कातडी पडते. शंभर ग्रॅमच्या मोठ्या खारीशी तुलना केली तरी दुप्पट. त्यात केस नाहीत, कातडीखाली चरबीचा थर नाही आणि थरथरून ऊब आणण्याइतके स्नायू अजून तयार नाहीत. घरट्यात भावंडं एकमेकांना चिकटून असतात, म्हणजे चौघांचा मिळून एकच मोठा देह होतो. वर आईची ऊब असतेच. तिथलं तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राहतं. तिथून पिल्लू फरशीवर, पंख्याखाली आलं की त्याचं शरीर हळूहळू खोलीच्या तापमानाकडे घसरतं.

ही घसरण रोखायला त्याच्याकडे एकच साधन असतं, ते म्हणजे तपकिरी चरबी. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती तिचे लहानसे साठे असतात. साधी चरबी ऊर्जा साठवते, ही चरबी ऊर्जा जाळून थेट उष्णता करते. एरवी पेशीतले मायटोकॉन्ड्रिया अन्न जाळताना प्रोटॉन आतल्या पडद्याच्या पलीकडे ढकलतात. ते परत येताना एका विशिष्ट प्रथिनयंत्रातून येतात आणि वाटेत एटीपी बनतं, म्हणजे पेशीला वापरता येईल असं चलन. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ नावाचं प्रथिन या पडद्यात आडवाट काढून देतं. प्रोटॉन त्या वाटेने परततात, एटीपी बनतच नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. स्नायू न हलवता ऊब देणारी ही व्यवस्था फार देखणी आहे, पण तिला इंधन लागतं, मेदाम्लं आणि ग्लुकोज. काही तास दूध मिळालं नाही की इंधन आटतं, शेगडी मंदावते आणि अंग गार पडतं. अंग गार पडलं की पिल्लू पिऊ शकत नाही, आणि प्यायलं नाही की इंधन मिळत नाही.

हे चक्र दुधाने तुटेल असं वाटतं. तुटत नाही, कारण दूध पचवणारी यंत्रणाही त्याच तापमानावर चालते. शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी उतरलं की निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शावर येतात. जठर आकुंचन पावायचं मंदावतं, विकरं सुस्तावतात. गार पिल्लाच्या पोटात गेलेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच फसफसतं. पोट ढोलकीसारखं तट्ट फुगतं आणि श्वासपटलावर दाब येतो.

गिळण्याचं याहून नाजूक. सस्तन प्राण्यांच्या तान्ह्या पिल्लांत स्वरयंत्र वर, जवळजवळ नाकाच्या मागच्या पोकळीपर्यंत चढलेलं असतं. दूध त्याच्या दोन्ही बाजूंनी अन्ननलिकेत उतरतं आणि हवा मधून जाते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांची लय मेंदूच्या तळाशी ठरते. पिल्लू स्वतः चोखतं तेव्हा दूध किती आणि कधी यायचं हे तीच लय ठरवते. आपण सिरिंज दाबून दूध आत सोडलं, तर ते लयीत येत नाही. गार पडलेल्या पिल्लात ही लय मुळातच तुटक झालेली असते. असं दूध श्वासनलिकेत उतरतं, आणि एका-दोन दिवसांत न्यूमोनिया. म्हणून नियम एकच. पिल्लाची जीभ बाहेर आल्याशिवाय त्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

तर आधी ऊब. पिल्लू मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. किंचितही गार लागलं तर ते गार आहे असंच धरा. निरोगी पिल्लू गुलाबी असतं आणि हातात वळवळतं. गार पिल्लू फिकट, निळसर-करडं दिसतं आणि सावकाश हलतं. पहिली दहा मिनिटं ते मुठीत धरून छातीशी ठेवा, तोवर कुणाला तरी पुठ्ठ्याचा खोका तयार करायला सांगा. खोक्याच्या अर्ध्या भागात गरम पाण्याची बाटली दुहेरी टॉवेलात गुंडाळून ठेवा. उरलेला अर्धा भाग मोकळा सोडा, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला सरकता येईल. पिल्लाजवळ थर्मामीटर ठेवला तर तो ३२ ते ३४ अंश दाखवायला हवा. बाटली दर तासाला बदलावी लागते. निवलेली बाटली उलट पिल्लाची उष्णता ओढून घेते, आणि बरीचशी पिल्लं रात्री अशीच जातात. चाळीस वॅटचा बल्ब किंवा हेअर ड्रायर वापरू नका. कातडी भाजते, अंगातलं पाणी उडतं, आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम फैलावून रक्तदाब पडतो. पूर्ण ऊब यायला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात. तेवढे लागू द्या.

याच वेळात अंग तपासून घ्या. जमिनीवर पडलेल्या पिल्लाला मुंग्या लागलेल्या असतात, त्या मऊ ब्रशने काढा. कान, नाक आणि शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती माशीची अंडी, चिमट्याने एकेक उचला. कातडी चिमटीत धरून सोडली आणि घडी तशीच राहिली, तर शरीरात पाणी कमी आहे.

ऊब आली, पिल्लू हलायला लागलं, की पहिलं पेय दूध नव्हे, ओआरएस. औषधाच्या दुकानात मिळणारी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी, एक लिटरची, एक लिटर पाण्यातच. त्यातलं ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातल्या एकाच वाहक प्रथिनातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागोमाग येतं. नुसतं दाट साखरपाणी दिलं तर उलट होतं, पाणी शरीरातून आतड्यात ओढलं जातं. फळांच्या चवीची खोक्यातली पेयं घेऊ नका. त्यांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, ती योग्यच होती.

एक मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या. सुई काढा. हिच्यावर ०.०१ मिलीच्या रेघा असतात. इन्सुलिनच्या सिरिंजवर फसगत होते. यू-४०वर ४० युनिटचा एक मिली असतो, यू-१००वर १०० युनिटचा, आणि बऱ्याच सिरिंजची सुई निघतही नाही. भरण्याआधी दट्ट्या चार-पाच वेळा पुढे-मागे करा. रबर चिकटलं की दट्ट्या अडतो आणि मग एकदम झटक्याने दूध सोडतो. दोन-तीन दिवसांनी सिरिंज बदला. अगदी लहान तोंडासाठी पिवळ्या, २४ गेजच्या कॅन्युलाची (सलाइनसाठी शिरेत घालतात ती) सुई काढून उरलेली मऊ नळी सिरिंजला लावतात. ती घट्ट बसली आहे ना हे दर वेळी ओढून पाहा, सुटली तर पिल्लू गिळतं.

प्रमाण वजनावर ठरतं, म्हणून दागिने तोलायचा ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा हवा. एका वेळी वजनाच्या पाच टक्के. दहा ग्रॅमच्या पिल्लाला अर्धा मिली, त्याहून थेंबही नको. पहिल्या पाजणीला त्याच्या निम्मं. पहिल्या दोन-तीन वेळा, तासा-दीड तासाच्या अंतराने, फक्त ओआरएस. मग तीन भाग ओआरएसमध्ये एक भाग दूध, नंतर निम्मं-निम्मं, मग तीन भाग दूध, मग पूर्ण दूध. प्रत्येक पायरी दोन पाजण्यांची. घाई केली की जुलाब लागतात. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. केस आल्यावर तीन, डोळे उघडल्यावर चार तासांनी.

दूध म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांसाठीची दूधपावडर, पुडीवरच्या प्रमाणात. गायीच्या दुधात साडेतीन-चार टक्के स्निग्धांश आणि पावणेपाच टक्के लॅक्टोज असतं. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या दुधात हे उलट असतं. उंदराच्या दुधात स्निग्धांश १२-१५ टक्के आणि लॅक्टोज तीन टक्क्यांच्या आसपास असतं. गायीचं दूध दिलं की न पचलेलं लॅक्टोज आतड्यातल्या जिवाणूंच्या तोंडी लागतं, वायू होतो. पाणी घालून पातळ केलेलं दूध तर अर्ध्या मिलीच्या पोटात उष्मांकच पोचू देत नाही.

आता प्रत्यक्ष पाजणं. पिल्लाला पोटावर, घडी घातलेल्या फडक्यावर ठेवा, पुढचे पंजे थोडे उंच. पाठीवर उताणं कधीच नाही. बाटली धरून उताण्या पिल्लाला पाजणारे व्हिडिओ लाखो लोक पाहतात, त्यातलं पिल्लू पुढे जगलं का ते कुणी दाखवत नाही. दूध ३७-३८ अंश हवं. एक मिलीच्या सिरिंजमध्ये ते मिनिटाभरात निवतं, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून थोडं थोडं भरा. एक थेंब ओठांवर ठेवा आणि थांबा. जीभ येईल, थेंब चाटेल, मग दुसरा. काही थेंबांनंतर पिल्लू टोक धरून ओढायला लागतं, पंजे पुढे-मागे रेटतं. अर्ध्या मिलीला दोन-तीन मिनिटं लागू द्या.

नाकातून बुडबुडा आला तर लगेच थांबा, डोकं खाली करा, टिपा आणि श्वास पूर्ण मोकळा झाल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. छातीतून टकटक आवाज यायला लागला किंवा पिल्लू तोंडाने श्वास घेऊ लागलं, तर पशुवैद्य त्याच दिवशी गाठा.

ऊब आहे, दूध कोमट आहे, तरी पीत नाही? आधी शू करवा. तान्ही खार आपणहून मोकळी होत नाही, आईच्या चाटण्याने ती क्रिया सुरू होते. कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळा, शू येईपर्यंत. भरलेल्या मूत्राशयाने पिल्लू पीत नाही. शू गडद पिवळी असेल तर ओआरएसची पायरी लांबवा. डोक्यावर तळहात किंवा मऊ फडकं अलगद टेकवा, आईने पोटाखाली घेतल्यावर येतो तसा तो दाब त्याला वाटतो.

वासाचाही भाग आहे. मार्टिन टायशर आणि इलियट ब्लास यांनी १९७६मध्ये उंदरांवर प्रयोग केला. आईचे सड धुतले की आंधळी पिल्लं ते शोधेनात, आणि पिल्लांच्याच लाळेचा अंश परत लावला की ती लगेच पकडू लागली. म्हणून सिरिंजचं टोक पाजण्यांमध्ये अत्तरी साबणाने धुऊ नका, गरम पाण्यात उकळा. घरट्याची एक चिंधी खोक्यात राहू द्या.

बिनकेसांच्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पाजल्यावर डाव्या बाजूला, बरगड्यांखाली दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. पुढच्या पाजणीच्या वेळी तो पट्टा अजून दिसत असेल तर पोट रिकामं झालेलं नाही. ती पाजणी वगळा आणि आधी बाटलीची ऊब तपासा.

आई आसपास असेल तर या साऱ्याची गरज नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हे खोटं आहे. ऊब आलेलं पिल्लू, बाटलीसकट खोक्यात, घरट्याच्या जागेजवळ मांजर-कावळ्यांपासून उंचावर आणि सावलीत ठेवा आणि दूर व्हा. खार तोंडात धरून एकेक पिल्लू नेते. ती दिवसाच फिरते, म्हणून सूर्यास्तापर्यंत आली नाही तर पिल्लू आत घ्या.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी घरात पाळता येत नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला उपचार केंद्रं आहेत. फोन करताना पिल्लाचं वजन, सापडल्याची वेळ, काय आणि किती पाजलं, शेवटची शू कधी झाली हे सांगा. मांजराचा दात लागलेला असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. त्या दातावरच्या पाश्चुरेला जिवाणूने जखम दिसायलाही न मिळता पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, त्यामुळे प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हावं लागतं.