विज्ञान शिक्षकांचे साहाय्य आणि वर्गाध्यापन (कोकण किनारपट्टी)

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला नोकरीत असताना मिळणारे प्रशिक्षण, साहित्य आणि सहकाऱ्यांची साथ, तसेच त्या बळावर तो वर्गात वापरत असलेल्या शिकवण्याच्या रीती, हा या नोंदीचा विषय आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत वाड्या विखुरलेल्या आहेत. अनेक शाळांचा पट तुटपुंजा असतो आणि एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या निकषांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित मिळून किमान एक शिक्षक धरलेला आहे. त्यामुळे शाळेत विज्ञानाचा जाणकार बहुधा एकटाच असतो. अडलेला प्रश्न विचारायला त्याला शेजारच्या वर्गात कोणी नसते, आणि साहाय्याची खरी गरज इथूनच सुरू होते.

सरकारी रचना थोडक्यात अशी : वर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिच्याखाली 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (बोलीत ‘डाएट’), मग तालुक्याचे गटसाधन केंद्र आणि शेवटी केंद्रशाळा. 2020 च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक विकासाचे काम सुचवले आहे. त्यातला बराच भाग आता ‘दीक्षा’सारख्या सरकारी ऑनलाइन मंचावर मोबाईलवरून होतो.

या उतरंडीत शिक्षकाच्या सर्वांत जवळची पायरी म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. आसपासच्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. परिपत्रके वाचून चहा घेऊन उठायचे, असेही तिथे होऊ शकते. पण एखाद्या शिक्षकाने महिन्याभरात करून पाहिलेला एकच प्रयोग सर्वांसमोर पुन्हा मांडला, कुठे फसला तेही सांगितले, की बैठकीचा रंग बदलतो. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (1972–2002) शिक्षकांच्या मासिक बैठकांना महत्त्व दिले, ते याच कारणासाठी. फसलेला प्रयोग मोकळेपणाने सांगता येणे, हे कोणत्याही साहित्यपेटीपेक्षा मोलाचे साहाय्य आहे.

कोकणात प्रयोग फसण्याचे एक कारण हवेतच असते. पावसाळ्यात कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायला जावे, तर ते हलत नाहीत. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि विद्युतप्रभार निसटून जातो. मुले म्हणतात, ‘बाई, पुस्तकात चुकीचं आहे.’ म्हणून स्थितिक विद्युतचा पाठ डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. श्रावणात घ्यायची वेळ आलीच, तर फसणे हाच पाठ करावा : हवेत असे काय आहे, की जे हिवाळ्यात नव्हते? हीच खारी, ओली हवा लोहचुंबक गंजवते आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढवते. उपकरणे घट्ट झाकणाच्या डब्यात, भाजून कोरड्या केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवणे हा साधा उपाय आहे. पुरचुंडी मात्र अधूनमधून पुन्हा भाजावी लागते. शून्य सावलीचे वेळापत्रकही इथे आडवे येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पूर्वार्धात, म्हणजे सुट्टीत, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे ढगांआड. मे महिन्यात मुलांनी घरच्या अंगणात काठी रोवून रोज दुपारची सर्वांत छोटी सावली मोजावी आणि वही जूनमध्ये आणावी, हाच मार्ग उरतो.

किनाऱ्यावरचा सर्वांत समृद्ध पाठ भरती-ओहोटीचा. घाटावरून बदलून आलेल्या शिक्षकाला ‘सुकती’ (ओहोटी), ‘उधाण’ (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती), ‘भांग’ (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द नवे असतात. मच्छीमाराच्या घरातल्या पोराला ते पाळण्यातच मिळालेले असतात. शिक्षकाने इथे आधी ऐकावे. तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा हिशोब किनाऱ्यावर चालत आला आहे : अष्टमीला आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. वर्गाने पंधरवडाभर जेटीच्या पायऱ्यांवर पाण्याच्या खुणा नोंदवल्या, की लक्षात येते की भरती रोज पाऊण तासाने नव्हे, तर साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. रोजच्या पाच मिनिटांचा फरक पंधरवड्यात तासाच्या वर जातो. मग प्रश्न आपोआप येतो : 50 मिनिटेच का? पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे गेलेला असतो, हे उत्तर आकृतीतून मुलेच काढू शकतात. गणित, परिसर आणि आजोबांचा हिशोब एकाच वहीत येतात. आजोबांचा हिशोब खोटा ठरत नाही, तो किती अचूक आहे ते कळते. किनाऱ्यावर सहल न्यायची तर मुलांनीच काढलेल्या वेळेनुसार सुकतीला न्यावी आणि पाणी फिरायच्या आत परतावे. उधाणाच्या दिवशी तर पाणी खूप आत चढते, हे विसरू नये.

दहावीच्या प्राणी वर्गीकरणाला मासळीबाजार पुरतो. कुर्ली आणि कोळंबी संधिपाद, कालवे आणि तिसऱ्या मृदुकाय. कोळंबी मासळीच्या टोपलीत विकली जात असली तरी ती मासा नाही, यावर वर्गात चांगला वाद रंगतो. शिंपल्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. कोकमाच्या लाल पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की रंग पालटतो, आणि आम्ल-आम्लारी रंगाने ओळखवणारा दर्शक म्हणजे काय ते स्वयंपाकघरातच समजते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. जानेवारीच्या उन्हात पसरट ताटात ते वाळवून वजन करता येते, आणि मिठागरांचा हंगाम पावसानंतर का येतो तेही उलगडते. प्रत्येक वेळी मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग कृती, मग अंदाज आणि निरीक्षणातला फरक. आधी बोलीतला शब्द, नंतर पुस्तकातला, हा क्रमही पाळावा. संज्ञा आधी फळ्यावर आली की मूल पाहायचे थांबते.

शाळेबाहेरही आधार आहेत. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे आणि तिथे मत्स्यालय पाहता येते. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा 1904 पासून काम करते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्यातली मोजमापे बिघडणार, म्हणून ती इकडे हलवावी लागली. विद्युतप्रवाहाने चुंबकसूची हलते, या प्रयोगाला याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

विजयदुर्गाची गोष्ट अधिक नाजूक आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा या भागावरून आंध्रातल्या गुंटूरकडे गेला. हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे इथे अभिमानाने सांगितले जाते आणि त्यांचे ओटेही दाखवले जातात. पण लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा पाहिली 20 ऑक्टोबरला, इंग्लंडमधून आणि ग्रहणाशिवाय. ग्रहणाच्या दिवशी सूर्याचा वर्णपट पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. पृथ्वीवर हेलियम वेगळा केला रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी, 1895 मध्ये. शिक्षकाने ही माहिती मुलांवर आदळू नये. तारखा आणि ठिकाणे फळ्यावर लिहून, नकाशा उघडून एवढेच विचारावे : त्या दिवशी कोण कुठे होते, आणि ते आपल्याला कशावरून कळते?