कांद्यावरचा काळा थर म्हणजे ‘काळी बुरशी’ नव्हे

कांद्याच्या सालीवरचा काळा थर खाल्ल्याने म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’ म्हणतात तो आजार) होतो, हा 2021 पासून फिरणारा निरोप चुकीचा आहे. तो थर बहुधा ॲस्परजिलस नायगर या बुरशीचा. साल काढा, कांदा धुवा. म्युकरमायकोसिस रायझोपससारख्या वेगळ्या बुरशींमुळे होतो. या आजारात ‘काळं’ दिसतं ते मेलेलं मांस: बुरशी सायनसमधून (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधून) धमन्यांच्या भिंतीत शिरते, गुठळी होते, रक्त थांबतं. कवटीच्या तळातून मेंदूच्या मुख्य धमनीपर्यंत पोचली तर पक्षाघात.

खरा धोका रक्तातली बेताल साखर आणि स्टेरॉइडचा. अशा रुग्णाचा एकाच बाजूचा गाल बधिर झाला, डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी आणि बायॉप्सी (मांसाचा तुकडा काढून तपासणी) करून घ्या. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध इथे निरुपयोगी. लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध वजनाच्या किलोमागे रोज किमान 5 मिलिग्रॅम, मेंदूत पसरल्यास 10, आणि सोबत मृत भाग काढणारी शस्त्रक्रिया लागते.