सुवर्ण नॅनोकण

सोन्याचे 1 ते 100 नॅनोमीटर व्यासाचे कण. पाण्यात विखुरलेले असताना त्यांना कलिल सुवर्ण असेही म्हणतात. झवेरी बाजारातल्या वळ्याचे पिवळेपण इथे उरत नाही. वीसेक नॅनोमीटरच्या कणांचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. कणाच्या पृष्ठभागावरील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ आंदोलित होतात, सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात आणि लाल तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, हे मायकेल फॅराडे यांनी 1857 मध्ये मांडले.

निर्मिती : रसायनशास्त्रज्ञ तुर्केविच यांनी 1951 मध्ये अभ्यासलेली आणि फ्रेन्स यांनी 1973 मध्ये सुधारलेली सायट्रेट पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. क्लोरोऑरिक अम्लाचे (सोन्याचे पाण्यात विरघळणारे संयुग) 0.01 टक्का द्रावण 50 मिलि घेऊन उकळी आणतात आणि जोरात ढवळत असताना 1 टक्का ट्रायसोडियम सायट्रेट (सायट्रिक अम्लाचा सोडियम क्षार) एकदम ओततात. 1 मिलि सायट्रेट घातले तर कण सुमारे 16 नॅनोमीटरचे होतात, 0.5 मिलि घातले तर सुमारे 41 चे. सायट्रेट जितके कमी तितके कण मोठे. फिकट पिवळे द्रावण आधी रंगहीन, मग निळसर-करडे आणि काही मिनिटांत लाल होते. क्रम उलटा करून, म्हणजे उकळत्या सायट्रेटमध्ये सोन्याचे द्रावण घालून, 10 नॅनोमीटरहून लहान कणही मिळतात.

बिघाड बहुधा रसायनात नसतो, भांड्यात आणि पाण्यात असतो. काचेला चिकटलेले जुने सोने नव्या कणांचे बीज ठरते, म्हणून भांडी अम्लराजाने (सोने विरघळवणारे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अम्लांचे मिश्रण) धुतात. नळाचे पाणी चालत नाही. सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात. पाण्यातले क्षार तो भार झाकतात, कण गोळा होतात आणि लाल द्रावण जांभळे-निळे पडते. ते पुन्हा लाल होत नाही. गोठवल्यानेही हेच होते. साठवण 4 अंश सेल्सिअसला, अंधारात.

मुंबईच्या पावसाळ्यात एक वेगळी अडचण येते. क्लोरोऑरिक अम्लाचे खडे दमट हवेत पाणी शोषून पाहता पाहता चिकट होतात आणि तोलताच येत नाहीत. धातूचा चमचाही त्यांनी खाल्ला जातो. त्यामुळे 1 ग्रॅमची कुपी उघडताच ती संपूर्ण विरघळवून 100 मिलि साठा-द्रावण करून ठेवणे शहाणपणाचे.

उपयोग : गर्भचाचणीच्या आणि कोविडकाळातल्या अनेक जलद चाचण्यांच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ म्हणजे हेच कण, बहुधा 40 नॅनोमीटरच्या आसपासचे. कणांवर प्रतिपिंड (चाचणीत शोधायच्या पदार्थाला नेमके चिकटणारे प्रथिन, अँटिबॉडी) बसवताना आधी पोटॅशियम कार्बोनेटने सामू (pH) साधारण 8.5 ते 9 करतात. पुरेसे प्रतिपिंड बसले का, हे मिठाने पारखतात : 1 मिलि द्रावणात 10 टक्के मिठाचे 0.1 मिलि पाणी घालावे. लाल राहिले तर ठीक, निळे पडले तर प्रतिपिंड कमी. उरलेली मोकळी जागा बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने (गाईच्या रक्तातले प्रथिन) झाकतात. ही पायरी टाळली तर नमुन्यात काहीही नसताना रेघ उमटू शकते. तयार पट्टी सिलिका जेलसह बंद पाकिटात हवी. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत ती उघडी राहिली, तर पट्टी ओल धरते, द्रव एकसारखा चढत नाही आणि रेघ पुसट येते.

नवे संशोधन : सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच चढवलेले कण अवरक्त प्रकाश शोषून तापतात. अशा कणांनी प्रोस्टेटची गाठ जाळण्याच्या अमेरिकेतील चाचणीचे 16 रुग्णांवरील पहिले निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत पवईची आयआयटी, ट्रॉम्ब्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था येथेही नॅनोकणांवर काम चालते. शरीरात वापरायचे तर खरा पेच कण बाहेर कसे पडणार हा आहे. सोने शरीरात सहजी विरघळत नाही. मोठे कण यकृत आणि प्लीहेत महिनोन्‌महिने साठून राहतात, तर साधारण 5 ते 6 नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून गाळले जातात.