जग-फिशिंग : तरंगत्या डब्यांनी कॅटफिश धरणे

जग-फिशिंग ही गोड्या पाण्यातली मासेमारीची एक पद्धत. जग (इंग्रजी jug) म्हणजे इथे मुठीचा डबा. हवाबंद डब्याला दोरी, वजन आणि आमिष लावलेला गळ बांधून तो पाण्यावर सोडायचा, आणि होडीतून अधूनमधून फेरी मारून लागलेला मासा, बहुधा मिशावाला कॅटफिश, काढून घ्यायचा, एवढी तिची मांडणी आहे. अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागातल्या टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा, मिसूरी, टेनेसी, केंटकी या राज्यांत ती विशेष रुजली आहे. मिसिसिपी, ओहायो यांसारख्या नद्यांवर बूच मारलेले जग प्रवाहात सोडून त्यांच्या मागे होडीने जात. पुढे धरणे झाली, मोठे जलाशय तयार झाले आणि दुधाचे, ब्लीचचे मुठीचे प्लॅस्टिक कॅन घरोघरी आले; आज दिसते ते तिचे रूप त्यानंतरचे. टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरचा लेक टेक्सोमा हा रेड नदीवरच्या डेनिसन धरणामुळे 1944 साली तयार झालेला, सुमारे 36,000 हेक्टरांचा जलाशय अशा मासेमारीला फार सोयीचा आहे.

ही पद्धत नशिबावर चालते असे लांबून वाटते. डबे सोडले, बघू काय लागते! प्रत्यक्षात मासा लागणे न लागणे हे गळ किती खोल आहे आणि डबा वाऱ्याने कुठून कुठे जाणार यावर ठरते, आणि दोन्ही गोष्टी डबा पाण्यात पडण्याआधीच ठरवायच्या असतात.

मासा दमवण्याचे काम डबा करतो. झाकण घट्ट लावलेली 2 लिटरची रिकामी बाटली पूर्ण पाण्याखाली ओढून धरायला जवळपास 2 किलो वजनाइतका जोर लागतो. गॅलनच्या, म्हणजे 3.8 लिटरच्या कॅनला त्याच्या दुपटीच्या आसपास. मासा बुडी मारतो तितका वेळ हा जोर त्याला वर खेचत राहतो. त्याने ओढ सैल केली की डबा उसळी मारतो, पुन्हा ओढले की पुन्हा बुडतो. फार खोल गेलेली पातळ बाटली मात्र पाण्याच्या दाबाने चेपते आणि तिचा जोर कमी होतो, म्हणून जाड भिंतीचा कॅन बरा. अलीकडे पोहायच्या तलावात वापरतात त्या फोमच्या नळीचे वीतभर-दोन वीत लांबीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर चढवून बोये करतात. पाण्यावर आडवा पडलेला असा बोया मासा लागताच उभा राहतो, त्यामुळे लांबूनही कळते. दोरी त्याच्याभोवतीच गुंडाळता येते आणि गळाचे टोक फोममध्ये खुपसून ठेवता येते. एका होडीत दहा-पंधरा गळ असताना ही सोय किती मोलाची आहे, हे दोऱ्यांचा गुंता सोडवणाऱ्यालाच कळेल.

दोरी डांबर लावलेली, विणलेल्या नायलॉनची घेतात. ती कुजत नाही आणि हाताला कापत नाही. खाली भोवरकडी लावतात, कारण कॅटफिश गळाला लागल्यावर स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि कडी नसेल तर दोरीला पीळ बसतो. कडीखाली हात-दीड हात तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा, आणि शेवटी टोक आत वळलेला सर्कल हुक. हा गळ अशा मासेमारीत अगदी योग्य, कारण झटका द्यायला दोरीवर कोणीच नसते. मासा आमिष घेऊन वळला की गळ घसरत येऊन तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. पोटात गळ गेलेला मासा सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. कोपऱ्यात बसला असेल तर तो जगण्याची शक्यता बरीच अधिक.

आमिष माशाच्या जातीप्रमाणे बदलते. चॅनेल कॅटफिश कोंबडीच्या काळजापासून मैद्या-चीजच्या उग्र वासाच्या गोळ्यांपर्यंत काहीही खातो. झोट नावाच्या गुलाबी मेक्सिकन कपड्याच्या साबणाच्या वड्याही टेक्सासात त्याच्यासाठी सर्रास वापरतात. ब्लू कॅटफिशला ताज्या शॅड माशाचा तुकडा हवा. फ्लॅटहेड कॅटफिश बहुतेक जिवंत मासाच पकडतो. तिघांनाही अंगभर चवीच्या ग्रंथी असतात, शिवाय मिशा. म्हणून गढूळ पाण्यात आणि रात्री, डोळ्यांचा उपयोग नसतानाही ते आमिषापर्यंत पोचतात. आकाराने ब्लू सर्वांत मोठा : व्हर्जिनियातल्या केर जलाशयात 2011 साली धरलेला 143 पौंडांचा, म्हणजे जवळपास 65 किलोंचा ब्लू कॅटफिश हा गळाने धरलेल्या त्या जातीचा विश्वविक्रम मानला जातो.

आता खोली. नवशिक्याचा सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो, कारण तळाशी राहणारा मासा म्हणून तो गळ तळालाच सोडतो. उन्हाळ्यात मोठ्या जलाशयाचे पाणी थरांत विभागते. वरचे कोमट, हलके पाणी आणि खालचे गार, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. खालच्या थरातला प्राणवायू कुजणाऱ्या गाळामुळे संपत जातो आणि वरून नवा पोचत नाही. तिथे सोडलेले आमिष कितीही उत्तम असले तरी ते खायला मासाच नसतो. दोन थरांची सीमा सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर धुरकट पट्ट्यासारखी दिसते. गळ तिच्या वर हवा. सोनार नसेल तर पहिल्या खेपेस पाच-सहा डबेच घ्यावेत, प्रत्येकाची दोरी वेगळ्या लांबीची ठेवावी आणि ज्या खोलीवर मासा लागेल त्या मापाने बाकीच्या दोऱ्या बांधाव्यात. वसंतात आणि शरदात पाणी ढवळलेले असते, तेव्हा उथळ काठही उपयोगी. विणीच्या दिवसांत नर मासे बिळात, ओंडक्यांच्या पोकळीत अंडी राखत बसतात आणि आमिषाकडे फारसे फिरकत नाहीत.

वाऱ्याचे गणित सोपे आहे, पण पाळावे लागते. डबे वाऱ्याच्या दिशेला आडवे, एकमेकांपासून पंचवीस-तीस मीटरवर एका रांगेत सोडले, तर ती रांग उथळ पठारावरून सरकत बुडालेल्या जुन्या ओढ्याच्या कडेपर्यंत जाते आणि बरेच पाणी धुंडाळले जाते. वारा जोराचा असेल तर किलो-दीड किलोचे वजन नांगरासारखे लावून डबा एका जागी बांधावा. माझ्या मते शिकणाऱ्याने नांगरलेल्या डब्यांपासूनच सुरुवात करावी. वाहते डबे एकदा पांगले की सूर्य मावळतीला आल्यावर ते शोधत फिरावे लागते. डबा उचलताना होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, इंजिन न्यूट्रलला घ्यावे आणि दोरी पंख्यापासून लांब आहे ना हे आधी पाहावे. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. मासा जाळीत आल्यावर त्याच्या मिशांना भ्यायचे कारण नाही. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा मात्र ताठ उभा राहून अडकतो आणि त्याची जखम चांगलीच ठणकते.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि काही राज्यांत ही पद्धत मुळीच चालत नाही. टेक्सासात एका डब्याला पाचपेक्षा जास्त गळ लावता येत नाहीत, आणि डब्याजवळ मालकाची ओळख व डबा सोडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लागते. डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी मंडळींपैकी कोणाला हे करून पाहायचे असेल, तर परवान्यासोबत त्या वर्षीचे नियम वाचूनच पाण्यावर जावे. कायद्यात लिहिलेले असो वा नसो, सोडलेले डबे मोजून परत आणणे हे या पद्धतीतले पहिले कर्तव्य आहे. विसरलेला डबा आठवडेच्या आठवडे मासे मारत राहतो. कासवांनाही तो घातक : गळाला लागलेले कासव श्वास घ्यायला वर येऊ शकले नाही तर बुडून मरते. म्हणून डबे रात्रभर सोडून घरी जाण्यापेक्षा नजरेच्या टप्प्यात ठेवणे केव्हाही चांगले.

महाराष्ट्रात कॅटफिशचे आप्त पुष्कळ आहेत. शिवडा आणि शिंगाळा त्यांतलेच. धरणांवर जाळ्यांना बोये म्हणून रिकामे कॅन आणि बाटल्या बांधलेल्या सर्वत्र दिसतात. पण इथल्या बहुतेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, त्यामुळे संस्थेला न विचारता तिथे असे डबे सोडणे योग्य नाही.

धरलेल्या माशांपैकी दोन-तीन किलोंचे खायला उत्तम. कातडी सोलून तुकड्याच्या बाजूने जाणारी गडद तांबूस पट्टी काढून टाकली की उग्र वास जातो. मग मक्याच्या पिठात घोळवून तळतात. फार मोठे, वयस्क मासे परत पाण्यात सोडावेत. ते त्या आकाराला यायला बरीच वर्षे लागलेली असतात, आणि त्यांच्या अंगात पारा व इतर प्रदूषके साठण्याचे प्रमाणही अधिक असते. ब्लू कॅटफिशबाबत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात मात्र उलटा सल्ला दिला जातो. व्हर्जिनियाच्या नद्यांत तो 1970च्या दशकापासून हौशी मासेमारीसाठी मुद्दाम सोडला गेला आणि आता स्थानिक माशांवर, खेकड्यांवर ताव मारतो आहे. तिथे लागलेला ब्लू कॅटफिश परत न सोडता घरी न्यावा असे सरकारी यंत्रणाच सांगतात.