मेसेज येत नाही? आधी तो कुठे अडला ते पाहू

देवगड बाजारातल्या आमच्या मोबाइल दुरुस्ती दुकानाच्या ग्राहकांसाठी

“ओटीपी येना नाय, फोन बघ जरा.” हे वाक्य आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. बँकेत विचारलं तर म्हणतात, आमच्याकडून मेसेज गेलाय, फोन दाखवून घ्या. सिमकंपनीच्या गॅलरीत गेलात तर नेटवर्क व्यवस्थित आहे, हँडसेट बघा. मग गिऱ्याहून किंवा मिठबावहून एसटीने आलेला माणूस शेवटी आमच्यापुढे उभा राहतो. या टोलवाटोलवीत त्याची दिवसाची मजुरी जाते. म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमची एक चूक आधी सांगतो. मागे कुणकेश्वरच्या एका काकू आल्या. गॅसचा टेम्पो दारात, आणि सिलिंडर घेताना सांगायचा कोड काही फोनवर येत नव्हता. आम्ही सेटिंग तपासली, काही सापडलं नाही, म्हणून फोन रिसेट करून दिला. त्यात नातवाच्या बारशाचे फोटो गेले. कोड तरीही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आपोआप सुरू झाले. कारण साधं होतं: आमच्याकडे आल्या त्याच दिवशी त्यांनी सिम बदलून घेतलं होतं. सिम बदललं की पहिले २४ तास मेसेज येणं-जाणं बंद ठेवायचं, असा सरकारी नियम आहे. कोणी तुमच्या नावावर चोरून दुसरं सिम काढलं तर लगेच ओटीपी मिळवून खातं रिकामं करू नये, म्हणून ही सोय. फोनमध्ये काही बिघाडच नव्हता. ते फोटो आम्हाला परत आणता आले नाहीत. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न असतो, “सिम कधी बदललं?”, आणि फोटो दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय आम्ही कोणाचाही फोन रिसेट करत नाही.

मेसेज जातो कसा

साधा मेसेज एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जात नाही. तो आधी पाठवणाऱ्याच्या सिमकंपनीच्या मेसेज केंद्रात जातो. केंद्र तो ठेवून घेतं, तुमचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते शोधतं आणि पोचवतं. फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. ठरलेली मुदत संपली की मेसेज टाकून देतं. तुमच्या फोनवर ‘पाठवला’ असं दिसतं त्याचा अर्थ एवढाच, की मेसेज केंद्राने घेतला. समोरच्याला मिळाला, असा त्याचा अर्थ नाही. पुष्कळ भांडणं या एका शब्दावरून होतात.

ट्रॉलरवरच्या मंडळींना हे रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. बाहेर खोल समुद्रात फोन गप्प असतो. परतताना किल्ल्यावरचं दीपगृह दिसू लागलं की खिशात एकामागून एक टिंगटिंग सुरू होतं. दोन दिवसांचे मेसेज एकदम येतात, त्यात चार-पाच ओटीपीही असतात, सगळे मुदत संपलेले. तिथे फोन चुकलेला नसतो, बँकही चुकलेली नसते.

पावसात वीज गेली की टॉवर काही वेळ बॅटरीवर चालतो, मग तोही बसतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आपण सगळ्यांनीच ते भोगलं. गणपतीत चाकरमानी आले की त्याच टॉवरवर कितीतरी जास्त फोन येतात आणि मेसेज रखडतात. टॉवर चालता ठेवणं हे सिमकंपनीचं काम आहे. त्यासाठी दुरुस्तीचे पैसे आम्हाला देऊ नका.

मग जबाबदारी कोणाची?

बँक, गॅस एजन्सी, सरकारी खातं यांचा मेसेज येत नसेल, पण घरच्यांचे येत असतील, तर संशय आधी पाठवणाऱ्यावर घ्या. ट्राय म्हणजे सिमकंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा संस्थांनी पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवून ठेवायचा असतो. नोंदवलेल्या मजकुराशी मेसेज जुळला नाही तर सिमकंपनी तो वाटेतच थांबवते. ही तपासणी ८ मार्च २०२१ ला सक्तीने सुरू झाली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. लोकांनी त्या दिवशीही फोनलाच दोष दिला असेल. बँकेत जाल तेव्हा ‘मेसेज येत नाही’ एवढंच सांगू नका. तारीख आणि वेळ सांगा, आणि त्या मेसेजचा पोच अहवाल मागा. खात्याला नक्की कुठला नंबर जोडलाय तेही विचारा. मुंबईला गेलेल्या मुलाचा जुना नंबर निघाल्याची उदाहरणं आमच्याकडे बरीच आहेत.

कोणाचाच मेसेज येत नसेल तर सिम किंवा फोन. यातलं कोण, ते पाच मिनिटांत कळतं. तुमचं सिम आम्ही काउंटरवरच्या साध्या फोरजी फोनमध्ये घालतो आणि दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून मेसेज करतो. तिथेही आला नाही तर रिचार्ज, सिम किंवा नेटवर्क. तिथे आला तर दोष तुमच्या फोनमध्ये. बहुतेक वेळा नको त्या नंबरबरोबर कामाचा नंबरही ब्लॉक झालेला असतो, मेसेज ‘स्पॅम’मध्ये पडलेले असतात, किंवा फोनमध्ये जागाच उरलेली नसते. या तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही.

कधीकधी दोष फोनच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो. तो आमच्यासारखा दुकानदार दुरुस्त करू शकत नाही. फोनच्या कंपनीने अपडेट द्यायला हवा. फोन वॉरंटीत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटरला जा. तक्रार लिहून देऊ, आम्ही काय तपासलं तेही लिहू.

आयफोनचं प्रकरण वेगळं आहे. आयफोन ते आयफोन मेसेज २०११ पासून इंटरनेटवरून, ॲपलच्या स्वतःच्या यंत्रणेतून जातात. आयफोन सोडून त्याच नंबरचं सिम अँड्रॉइडमध्ये घातलं, तरी ॲपलच्या नोंदीत तो नंबर आयफोनचाच राहू शकतो. मग भावाच्या आयफोनवरून पाठवलेले मेसेज मधेच हरवतात आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. ही नोंद काढून टाकायची सोय ॲपलने २०१४ मध्ये दिली. जुना आयफोन हातात असेल तर सिम काढण्यापूर्वी त्यातलं ‘आयमेसेज’ बंद करा. नसेल तर आमच्याकडे या, ॲपलच्या वेबसाइटवरून नोंद काढून देऊ.

मराठीत मेसेज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. लांब मेसेजचे तुकडे होतात. एखादा तुकडा मागे राहिला तर मेसेज अर्धवट येतो. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब कळवताना दोन छोटे मेसेज करा. मराठी सोडू नका.

तक्रार कशी करायची

सिमकंपनीची चूक दिसली तर १९८ वर फोन करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. नंबराशिवाय फोन ठेवू नका, तोच तुमचा पुरावा. उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. फोनवर बोलायला अवघड वाटत असेल तर दुकानात या, आम्ही शेजारी बसून लावून देऊ. ओटीपी मात्र आम्हालाही सांगू नका.

येताना फोन, सिम कोणाच्या नावावर आहे त्याची माहिती आणि कुठला मेसेज किती वाजता यायला हवा होता ते कागदावर लिहून आणा. घरी कोणाकडे दुसऱ्या सिमकंपनीचा नंबर असेल तर त्यावरून स्वतःच्या नंबरवर एक मेसेज आधीच करून बघा. तो आला, तर एसटीचं भाडं खर्चण्याआधी बँकेला फोन करा.