कार्लाइल, 1912: एका हंगामामागची 33 वर्षं

9 नोव्हेंबर 1912. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर अमेरिकी लष्कराच्या कॅडेट संघाला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूल या मूळनिवासी मुलांच्या शाळेने अमेरिकन फुटबॉलमध्ये 27-6 असं धुतलं. हरलेल्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. जिंकलेल्या संघात जिम थॉर्प. हा सामना आजही 'वुंडेड नीचा सूड' म्हणून रंगवून सांगतात. मोह पडणं साहजिक आहे. वुंडेड नी इथे लष्कराने लकोटा या मूळनिवासी लोकांचं केलेलं ते हत्याकांड डिसेंबर 1890 मधलं, म्हणजे जेमतेम 22 वर्षांपूर्वीचं. पण या गोष्टीत मैदानावरची मुलं तेवढी दिसतात. ती त्या शाळेत आली कशी आणि त्यांच्या खेळावर पैसा कोणी कमावला, हे राहूनच जातं.

ही शाळा 1879 मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढली, तीही एका जुन्या लष्करी छावणीत. त्याआधी फ्लोरिडात मूळनिवासी युद्धकैद्यांवर तो पहारेकरी होता आणि कैद्यांना इंग्रजी शिकवण्याचे प्रयोग त्याने तिथेच केले. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला 'इंडियन', म्हणजे मूळनिवासी, मारायला हवा, असं त्याने 1892 मध्ये भर सभेत सांगितलं. मुलं आली की पहिल्यांदा केस कापले जात. मग नाव बदललं जाई. पहिल्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअरसमोर फळ्यावर काही नावं लिहून ठेवली होती. ती वाचता येत नसताना एकावर काठी टेकवायला सांगितलं गेलं आणि तो ल्यूथर झाला. मातृभाषा बोलायला बंदी. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस शिवणकाम, लोहारकाम, छपाई. 140 हून अधिक जमातींमधली 7,800 पेक्षा जास्त मुलं या शाळेतून गेली. त्यातली फार थोडी अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडली.

फुटबॉल प्रॅटला नको होता. शेजारच्या डिकिन्सन कॉलेजशी खेळताना एका मुलाचा पाय मोडला, तेव्हा त्याने बाहेरचे सामने बंदच करून टाकले. मग चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत येऊन उभी राहिली. त्यांची बाजू ऐकून प्रॅट विरघळला, पण दोन अटी घालून. समोरच्याने ठोसा मारला तरी उलटा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातला सगळ्यात बलाढ्य संघ हरवून दाखवायचा. पहिली अट संस्कारांसाठी होती, दुसरी शाळेच्या जाहिरातीसाठी. प्रॅट हिशेबी माणूस होता.

1899 मध्ये ग्लेन 'पॉप' वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. मधली तीन वर्षं कॉर्नेल विद्यापीठात जाऊन 1907 मध्ये परतला. त्याच्यापुढची अडचण अगदी साधी होती. हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) यांच्या धिप्पाड गड्यांसमोर कार्लाइलची पोरं हलकी पडत. तेव्हाचा खेळ म्हणजे नुसती रेटारेटी. दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा लावून गर्दी करायची आणि चेंडू इंच-इंच पुढे ढकलायचा. त्यात इतके खेळाडू दगावत, की 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. 1906 पासून चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. मोठ्या कॉलेजांना हा प्रकार पोरकट वाटत होता. वॉर्नरने मात्र तो उचलला. 1907 मध्ये कार्लाइलने फिलाडेल्फियात पेनला 26-6 हरवलं, ते लांब पासांच्या जोरावर. आजचा अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्याला तो सामना ओळखीचा वाटेल. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा वाटणार नाही.

1912 मध्ये नियम पुन्हा बदलले. 10 यार्ड पुढे जायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडण्याचे, 6 गुण झाले, मैदान 100 यार्डांवर आलं, पासाच्या लांबीवरची मर्यादा उठली. सगळेच बदल वेगवान संघाच्या पथ्यावर पडणारे. त्यात थॉर्प. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा मुलगा मध्ये दोन वर्षं शाळा सोडून गेला होता. 1911 मध्ये परत आला आणि त्याच वर्षी दुखऱ्या पायाने खेळून चार फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून पाठवणं) मारत त्याने हार्वर्डला 18-15 असं नमवायला हातभार लावला. 1912 च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरचं रौप्य कार्लाइलच्याच लुई तेवानिमाला मिळालं. हा होपी धावपटू शाळेत हौसेने आलेला नव्हता. सरकारी सक्तीला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांबरोबर त्याला पकडून इकडे पाठवलं होतं. ज्या देशाने कैद केलं, त्याच देशाचा झेंडा घेऊन तो धावला.

हंगामाचा हिशेब असा: 12 विजय, एक हार, एक बरोबरी. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी 0-0, पेनकडून 34-26 अशी हार. व्हिलानोव्हाला 65-0, सिरॅक्यूजला 33-0. बहुतेक सामने परक्या मैदानांवर, कारण गल्ला तिकडे जमायचा. वेस्ट पॉइंटला पहिला टचडाउन लष्कराने केला होता. नंतर वॉर्नरच्या नव्या रचनेने त्यांना पत्ताच लागू दिला नाही. चेंडू घेऊन पळणारे दोन्ही हाफबॅक कडेला पसरून उभे राहत आणि चेंडू कुणाकडे जाणार हे कळेपर्यंत उशीर झालेला असे. चारपैकी तीन टचडाउन अ‍ॅलेक्स अर्कासाचे. नाव मात्र थॉर्पचं झालं. लष्कराचा कर्णधार डेव्होर याला कार्लाइलच्या जो गायनला मारल्याबद्दल बाहेर काढलं. प्रॅटची पहिली अट मोडली, पण कॅडेटांकडून!

पुढचं सगळं भराभर घडलं. जानेवारी 1913 मध्ये थॉर्प आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याची बातमी फुटली. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, म्हणून त्याची पदकं काढून घेतली. आक्षेपाची 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, पण ते कोणी विचारात घेतलं नाही. आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं वॉर्नर म्हणाला. यावर विश्वास ठेवणं जड जातं. 1914 मध्ये संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली. तिच्यामागे विद्यार्थ्यांचा अर्ज होता, आणि तो फिरवला संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅक गस वेल्शने. वॉर्नर शिवीगाळ करतो, हात उगारतो, अशा तक्रारी झाल्या. खेळाच्या पैशांचा कारभारही उघडा पडला. वॉर्नर लवकरच पिट्सबर्गला गेला आणि तिथेही जिंकला.

1918 मध्ये शाळा बंद झाली आणि जागा लष्कराने परत घेतली. थॉर्पला त्या दोन्ही स्पर्धांचा एकटा विजेता म्हणून ऑलिंपिक समितीने मान्यता दिली ती 2022 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर 69 वर्षांनी. शाळेत दगावलेल्या मुलांचे अवशेष 2017 पासून त्यांच्या जमातींकडे सोपवले जात आहेत. डिसेंबर 2024 मध्ये तो परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला.