स्तनाच्या गाठीची आयएचसी तपासणी: रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे

आयएचसी म्हणजे गाठीच्या तुकड्याला रंग लावून पेशींमधली ठराविक प्रथिनं शोधणारी तपासणी. ‘ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, ९०%’ एवढं वाचून आमच्या लॅबच्या काउंटरवर अनेकांचा चेहरा उतरतो. कॅन्सर ९० टक्के पसरला, असा त्याचा अर्थ नाही. गाठीतल्या दर १०० कॅन्सर पेशींपैकी ९० पेशींच्या केंद्रकांनी तपकिरी रंग घेतला, एवढंच. अशा पेशी इस्ट्रोजेनवर पोसतात, म्हणून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडण्याची शक्यता चांगली असते. इथे पॉझिटिव्ह येणं बहुतेकदा बरंच.

हर-२ हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. त्याचा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. पूर्वी त्याची धास्ती असायची. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-२ वर मारा करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. २+ आल्यास नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही, फिश (हर-२ चं जनुक मोजणारी) तपासणी लागते. बिल वाढवायची ती युक्ती नव्हे.

केआय-६७ पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगतो. हा आकडा दोन लॅबमध्ये थोडा वेगळा येतो. १८ की २२ टक्के यावर झोप उडवू नका. ५ पर्यंत किंवा ३० च्या वर असेल तर मात्र त्याला वजन आहे.

“मग किती वर्षं?” हे आम्हाला विचारू नका, कारण नुसता रंग ते सांगत नाही. गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) हे सगळं जोडून डॉक्टर अंदाज बांधतात. ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-२ हे तिन्ही निगेटिव्ह असतील तर आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त, पुढे तो बराच उतरतो. ईआर पॉझिटिव्ह आजार सावकाश चालतो, पण ५ वर्षांनंतरही उलटू शकतो. बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

सातारा, सोलापूर, नगरहून ब्लॉक आणणाऱ्यांसाठी: ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत ठेवून लक्ष्मी रोडला खरेदीला जाऊ नका. सोबत बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणा. तुकडा हाडातून घेतला असेल तर आधी सांगा. हाड मऊ करायच्या आम्लाने रंग फिका पडू शकतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) ६ ते ७२ तास राहिलेला हवा, ती वेळ रुग्णालयातून लिहून घ्या.

काम झालं की ब्लॉक आठवणीने परत न्या. पुढे नवं औषध ठरवताना पुन्हा तोच लागतो.